पाण्यामागून येणारे मीठ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अशा मंगल प्रसंगी मी मिठावर बोलावे, हे कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या कर्नालमध्ये आपण जमलो आहोत, तेथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ साली स्थापन झाली, ती याच मिठापायी. इकडचा शेतकरी ज्या जमिनीला ‘कल्लर’ म्हणतो, तीच आपल्या सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड व चोपण जमीन होय.

हे मीठ येते कोठून? पुष्कळदा पाण्याबरोबरच. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरा. हेक्टरभर शेताला वर्षाकाठी ५० सेंटिमीटर पाणी दिले, तर ५,००० घनमीटर पाण्याबरोबर अडीच टन क्षार येतात. पीक पाणी पिते, ऊन पाणी शोषते. क्षार मात्र बहुतांशी मागेच राहतात. त्यातच अतिरेकी पाण्याने भूजल वर आले, की केशाकर्षणाने खालचे क्षारही पृष्ठभागावर चढतात.

म्हणूनच स्वयंचलित सिंचनाकडे आज मोठ्या आशेने पाहिले जाते. मुळांजवळचा संवेदक ओलावा मोजतो. त्यानुसार विजेवरची झडप उघडते आणि पुरेशी ओल होताच मिटते. रात्री-अपरात्री दारे धरण्याचे कष्ट वाचतात, पाण्याचा अपव्यय टळतो. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

परंतु गोम येथेच आहे. ओल मोजणाऱ्या यंत्राला मीठ दिसत नाही. पिकाला लागेल तेवढेच पाणी त्याने मोजून दिले, तर क्षारांना मुळांखाली नेणारे पाणी उरतच नाही. ठिबकाखाली ते ओल्या भागाच्या कडेला साचतात आणि पहिला हलका पाऊस त्यांना पुन्हा मुळांकडे ढकलतो. ‘ओल आहे’ म्हणून यंत्र नेमके तेव्हाच बंद होते. वास्तविक त्याच वेळी ठिबक चालू ठेवणे इष्ट असते!

यास्तव ओलाव्याबरोबर क्षारही मोजले पाहिजेत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली, की जमीन सामान्यतः क्षारयुक्त मानतात. तथापि घेवड्याचे उत्पन्न १ च्या पुढेच घटू लागते. गहू सुमारे ६ पर्यंत तग धरतो. म्हणून शेतातील संवेदकाचे आकडे माती-परीक्षणाशी ताडून, पीक पाहून, क्षार धुण्यापुरते जादा पाणी यंत्राला नेमून द्यावे लागते. चोपण जमिनीत तर केवळ पाणी पुरत नाही. जिप्समची जोड लागते.

आणि हे धुतलेले पाणी जाणार कोठे? निचरा नसेल, तर तेच भूजल वर आणील. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालाव्या लागतात. त्यांचे पाणी शेजाऱ्याच्या शिवारात सोडून चालत नाही. म्हणजे झडप एकट्याची असली, तरी निचरा साऱ्या गावाचा असतो. हे एकमत घडविणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

आपल्यापैकी अनेकांची शेती गावी भावंडांकडे आहे. नवे यंत्र बसविल्याची वार्ता त्यांनी कळविली, तर अभिनंदन अवश्य करा, पण एक प्रश्नही विचारा: “पाणी आत येण्याची सोय झाली, मीठ बाहेर जाण्याची वाट कोणती?”