खाणावळीची पत

गिरणी कशावर चालते, असें विचारल्यास कोणीही सुज्ञ मनुष्य कापूस, वीज, यंत्रें आणि भांडवल यांचीं नांवें घेईल. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतींत या यादींत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते. ती म्हणजे उधारीवर वाढलेलें ताट.

कावसजी दावर यांची मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून हजारों तरुण कामासाठीं शहरांत आले. बायकामुलें गांवीं शेतीपाशीं राहिलीं. चाळींतल्या एका खोलींत अनेक गड्यांनीं पाळीपाळीनें निजावें, अशी रीत पडली. निजावयास जागा कशीबशी मिळे. पण रांधणार कोण? तेव्हां शेजारच्या बिऱ्हाडांतील एखादी बाई, पुष्कळदां विधवा किंवा नवऱ्याची मिळकत अपुरी पडणारी, कांहीं गड्यांचा स्वयंपाक पत्करी. हीच खाणावळ. तिला पाटी नसे, टेबलखुर्ची नसे. सकाळच्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वीं तिची चूल पेटे, आणि शेवटचा गडी जेवून उठेपर्यंत विझत नसे.

या व्यवहाराचें मर्म हिशेबांत आहे. गिरणीचा पगार महिन्यानें होई. हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यानें महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आंत पगार द्यावा, असें बंधन १९३६ च्या वेतन कायद्यानें घातलें. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला तरी महिन्याच्या पहिल्या तारखेस कामावर लागलेला माणूस सुमारें चाळीस दिवस पहिल्या पगाराची वाट पाही. तेवढे दिवस तो जेवी, तें खाणावळवालीच्या जिवावर. वाण्याची उधारी, सावकाराचें भारी व्याज आणि गहाण पडलेले दागिने यांच्या बळावर ती ताट वाढी. गड्यानें कमावलेली मजुरी मालकापाशीं राही, आणि तोंपर्यंतचें व्याज मात्र एक गरीब बाई भरी. व्यापाराच्या भाषेंत बोलावयाचें तर ती गिरणीधंद्याची बिननांवाची पेढी होती.

तरीही बँकेच्या दारांत तिची पत शून्य होती. तारण ठेवावयास जमीन नाहीं, दुकान नाहीं. आणि रांधणें-वाढणें हें तर बाईचें घरकामच, त्याला धंदा कोण म्हणणार? हा समज मोडण्यास प्रेमा पुरव पुढें आल्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या व नंतर मुंबईच्या कामगार चळवळींत वावरलेल्या या बाईंनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. राष्ट्रीयीकृत बँकांकडून खाणावळवाल्यांना कर्ज मिळूं लागलें. एकीनें दुसरीची हमी घ्यावी, हेंच तारण. ज्यांनीं वर्षानुवर्षें कागदाशिवाय परक्या गड्यांना जेवूं घातलें, त्यांना दिलेल्या शब्दाची किंमत शिकवावी लागली नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, भूक थांबली नाहीं. पुष्कळ गडी गांवीं परतले आणि उधारी मागें राहिली. त्या संपाची कथा सांगतांना मालक, पुढारी व सरकार यांच्या बाजू मांडल्या जातात. चुलीपाशीं बुडालेल्या रकमेला त्या कथेंत क्वचितच जागा मिळते.

सुशिक्षित घरांतही निराळें काय घडतें? सकाळीं डबा भरला जातो, म्हणून कचेरी वेळेवर उघडते. अन्नदानाला पुण्य म्हणण्याची रीत जुनी आहे व ती चांगलीही आहे. परंतु पुण्य म्हटलें कीं हिशेब ठेवण्याचें कारण उरत नाहीं, आणि त्यांतच रांधणारीचें नुकसान होतें. तिच्या हाताला चव आहे, एवढें म्हणून भागत नाहीं. तिच्या श्रमाला पत आहे, हें जमाखर्चाच्या वहींत मांडलें पाहिजे.