गाळणी नसलेलं कार्ड



आपल्या घरांतली बरीच मुलं नेटवर्किंग शिकतात. त्यासाठी आता स्विच विकत आणावा लागत नाही. मिनिनेटसारखं साधन एकाच लॅपटॉपवर दहा-वीस कॉम्प्युटरांचं आभासी इथरनेट उभं करतं, तेही फुकट. पण प्रोजेक्ट मल्टिकास्टचा असेल, तर आजचं बोलणं मुलांना जरूर ऐकवा.

मल्टिकास्ट म्हणजे ठरावीक गटाला निरोप. मंडळातल्या सगळ्यांना नाही, फक्त ढोलपथकाला. इथरनेटचा पत्ता ६ बाइटांचा. पहिल्या बाइटमधलं शेवटचं बिट १ असलं की तो गटाचा पत्ता. (सगळीच्या सगळी ४८ बिटं १ असली, तर निरोप सर्वांना.)

खऱ्या कार्डात या पत्त्यांसाठी गाळणी असते. ज्या गटात नाव नोंदवलंय त्याचे निरोप आत, बाकीचे दारातच गळतात, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. गाळणी तशी ढोबळच. कित्येक कार्डं पत्त्यांची यादी न ठेवता गणित करून ६४ खान्यांच्या तक्त्यात खुणा करतात, त्यामुळे एखादा परका निरोपही आत शिरतो. शिवाय आयपीचे ३२ गट इथरनेटच्या एकाच पत्त्यावर येतात: २३९.१.२.३ आणि २२४.१२९.२.३ यांचा इथरनेट पत्ता एकच! पुढची निवड आयपीचं सॉफ्टवेअर करतं.

आता गंमत बघा. मिनिनेटमधल्या कॉम्प्युटरांना लिनक्सचं जे आभासी कार्ड मिळतं, त्यात ही गाळणीच नाही. येईल ते वर जातं. तुमच्या मुलीने आयपी न वापरता थेट इथरनेटवर चालणारा प्रोटोकॉल लिहिला आणि गटात नाव नोंदवायचं राहिलं, तरी लॅपटॉपवर सगळं झकास चालेल. परीक्षकांसमोर खरी यंत्रं जोडली की सगळं चिडीचूप.

मग ती घाईघाईने वायरशार्क उघडेल, आणि निरोप येऊ लागतील! कारण वायरशार्क नेहमीच्या सेटिंगमध्ये कार्डाला सगळंच आत घ्यायला सांगतो, म्हणजे गाळणी उघडतो. बंद केला की पुन्हा शांतता. अशा दोषामागे लोकांच्या रात्री जातात.

म्हणून तपासणी दोन खऱ्या कार्डांवर, साध्या केबलने करा. टीसीपीडम्प वापरत असाल, तर त्याला लहान लिपीतला 'पी' हा पर्याय द्या. मग तो गाळणीला हात लावत नाही. वायरशार्कमध्ये त्यासाठी 'प्रॉमिस्क्युअस'ची खूण काढायची. आणि नाव न नोंदवलेल्या गटालाही एक निरोप पाठवून बघा. तो पोहोचला, तर गाळणी कुठे उघडी राहिली ते आधी शोधा.