संशोधकाचे वेतन



नेदरलँड्समधील नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठात वर्तनविज्ञानाच्या संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवीस दोन वर्षे लागतात. या शास्त्रातील नेहमीची पदव्युत्तर पदवी तेथे बहुधा एका वर्षाची. हे वाढीव वर्ष विद्यार्थी पत्करतो ते मुख्यतः डॉक्टरेटच्या आशेने. आणि त्या देशात डॉक्टरेट ही बहुतेकांसाठी रीतसर नोकरी असते. साधारण चार वर्षांचा करार, दरमहा वेतन, शिवाय विद्यापीठे व कामगार संघटना यांच्यातील सामूहिक करारान्वये रजा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क.

हा हक्क मात्र आपोआप टिकत नाही. २०१६ साली शासनाच्या अनुमतीने एक प्रयोग सुरू झाला. त्यात प्रामुख्याने ग्रोनिंगेन विद्यापीठाने शेकडो तरुण संशोधकांना वेतनाऐवजी विद्यावृत्तीवर घेतले. संशोधन तेच, नोकरदाराचे हक्क तेवढे गेले! संघटनांनी विरोध केला, आणि ती पद्धत पुढे कायम झाली नाही.

डॉक्टरेटच्या जागा अर्थातच सर्वांना पुरत नाहीत. उरलेले शासनाच्या धोरणखात्यांत, आरोग्यसंस्थांत किंवा बाजार-संशोधनात जातात. माणसाची सिगारेट सोडविण्याचे आणि त्याच्या हाती ती देण्याचे शास्त्र एकच आहे. पगार कोण देतो, यावर त्याचा उपयोग ठरतो.

आपल्याकडे एम.फिल. ही संशोधनपदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी बंद केली. कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती विद्यावृत्तीच. तिच्यासोबत भविष्यनिर्वाह निधी येत नाही.