बदललेले इंजिन आणि जुन्या तारा



जुन्या मोटारीत दुसरे इंजिन बसविणे हा आपल्याकडे कित्येक वर्षे चालत आलेला धंदा आहे. अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. परंतु तिचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेलचे चढविण्याचा उद्योग त्याच्या पुष्कळ आधीपासून गल्लोगल्ली चालू होता. खर्च इंजिनावर होतो, कौतुकही इंजिनाचेच होते. तारा मात्र जुन्याच राहतात. मग एके सकाळी सेल्फ मारला की नुसते ‘टक्’ होते आणि भांडण सुरू होते. मालक चालकाला बोल लावतो, मिस्त्री बॅटरीला. हा वाद मीटर लावून मिटवायचा असतो. तसा तो मिटविला नाही तर भुर्दंड कोणाच्या माथी बसतो, हे आपणांस मी सांगावयास नको.

मुळाशी जाऊ. बॅटरीचे धन टोक जाड तारेने सेल्फला पोचते, ऋण टोक चासीला. सेल्फमधून निघालेली वीज इंजिनाच्या लोखंडातूनच परत फिरते. पण इंजिन बसलेले असते रबरी पायांवर, आणि रबर काही तिला वाट देत नाही. त्यासाठी इंजिन व चासी यांना सांधणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरविताना ती सोडतात. चढविताना ती विसरतात, नाही तर गंजावर आणि रंगावर तशीच कसतात. सेल्फ 200 अँपिअर ओढीत असेल आणि त्या सांध्यात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा असेल, तर 12 पैकी 2 व्होल्ट तेथेच जिरतात आणि त्या एवढ्याशा जागी 400 वॅट उष्णता उठते. डिझेलचा सेल्फ तर याहूनही खादाड.

आमच्या युनियनच्या कचेरीत असेच एक प्रकरण आले होते. सेल्फ जाळला म्हणून एका चालकाच्या पगारातून कपात चालली होती. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारावयास लावला. काटा अर्ध्या व्होल्टाच्या आत राहावयास हवा. तो 3 च्या पुढे गेला. पट्टी नव्हतीच. वीज ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जात होती, तिचे प्लॅस्टिकचे आवरण वितळून गेले होते. म्हणजे गाडी पेटण्याच्या बेतात होती, आणि आत बसणारा होता तोच चालक! कपात थांबली, आधी कापलेले पैसे मिळवावयास मात्र आणखी दोन महिने भांडावे लागले.

दुसरे दुखणे चार्जिंगचे. जुन्या इंजिनाला डायनामो, नव्याला अल्टर्नेटर. अल्टर्नेटरच्या पोटात स्वतःचा रेग्युलेटर असेल तर जुनी कटआउटची पेटी वाटेतून काढलीच पाहिजे. डॅशबोर्डवरील लाल दिवाही ठेवावा लागतो, कारण पुष्कळ अल्टर्नेटरना पहिली चेतना त्या दिव्यातून मिळते. बल्ब गेला की चार्जिंग रुसते. इंजिन चालू असता बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसावेत. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोकच चासीला जोडलेले असे. तेथे न पाहता अल्टर्नेटर जोडला तर त्याचे डायोड जागच्या जागी जातात.

हीटर प्लगांचे थोडक्यात सांगतो. चार मिळून 40 अँपिअरहून अधिक मागू शकतात. त्यांना जाड तार, वेगळा रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज द्यावा. इग्निशन कॉइलची मोकळी झालेली बारीक तार यासाठी वापरणाऱ्या मिस्त्रीला माझा दुरूनच नमस्कार.

राहता राहिला पाण्याच्या उष्णतेचा काटा. सेन्सर नव्या इंजिनाचा आणि काटा जुन्या गाडीचा, अशी जोडी बहुधा खरे बोलत नाही. इंजिन उकळते आणि काटा निवांत असतो. सेन्सर काढून त्याला तारेने अर्थ द्या, काट्याची तार जोडा, आणि त्याचे तोंड स्टोव्हवर उकळणाऱ्या पाण्यात बुडवा. पुण्यात पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळते. त्या वेळी काटा जेथे उभा राहील तेथे काचेवर रंगाची एक रेघ ओढा आणि ती चालकाला दाखवून ठेवा.