अर्ध्यावर सुटलेले औषध

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोरगाव येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. तरीही मुलांच्या कर्करोगावर बोलण्याचे धाडस करतो, त्याला कारण माझा एक विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी तो फिकट दिसू लागला. ताप वरचेवर येई, अंगावर निळे डाग उमटत. मी मात्र गैरहजेरीबद्दल त्याला रागावलो. पुढे रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. औषधे सुरू होताच दोनतीन महिन्यांत तो हसतखेळत वर्गात परतला. "पोरगा बरा झाला, गुरुजी," असे वडील म्हणाले आणि मीही मान डोलावली. पुढचे औषध थांबले. वर्षाच्या आत रोग उलटला आणि बाकावरची ती जागा कायमची रिकामी झाली. त्या दिवशी मी मान डोलावली, ही रुखरुख आजही जात नाही.

या रोगाचे कपट येथेच आहे. मूल लवकर टवटवीत दिसते, पण रोगाच्या पेशी शरीरात दडलेल्या असतात. म्हणून उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील बराच काळ घरी गोळ्या घेण्याचा आणि नेमाने रक्त तपासून घेण्याचा असतो.

एके काळी या रोगावर उपायच नव्हता. 1948 साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ हटतो, हे दाखविले. ते औषध ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशाचे. आज जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत दहांपैकी आठांहून अधिक मुले वाचतात. गरीब देशांत कित्येक ठिकाणी तीनही वाचत नाहीत. रोग तोच आहे. फरक पडतो तो उशिरा झालेल्या निदानाने, औषधांच्या टंचाईने आणि अर्ध्यावर सुटलेल्या उपचाराने. 2030 पर्यंत जगभर निदान 60 टक्के मुले वाचावीत, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सोडला आहे.

हे गरिबांच्या देशात जमेल काय? मुंबईकडे पाहा. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले. तेथे पूर्वी पाचांपैकी सुमारे एका मुलाचा उपचार मध्येच सुटत असे. 2010 च्या सुमारास तेथील बालविभागाने औषधाबरोबर पैसा, निवारा, अन्न आणि धीर देण्याची व्यवस्था लावली. सेंट ज्यूड इंडिया या संस्थेने 2006 पासून अशा कुटुंबांना बिनखर्चाचे घर दिले. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहेच. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा पाचांच्याही खाली आले. औषध डॉक्टरांनी दिले, पण ते पुरे करविले समाजाने.

आपल्याला तर नागपूर जवळ आहे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय व नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. पात्र कुटुंबाला आयुष्मान योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो. परंतु बसभाडे, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या भावंडांची भाकरी कोणत्या कार्डात बसते?

म्हणून न्यासापाशी माझे मागणे लहान आहे. अशा प्रत्येक मुलामागे एक कार्यकर्ता नेमावा. पुढच्या तपासणीची तारीख त्याच्या वहीत असावी आणि आदल्या दिवशी भाड्याचे पैसे त्या घरी पोहोचावेत. कोणी जकात देईल, कोणी दान देईल. वही एकच असावी. आम्हा शिक्षकांनी आणि अंगणवाडीच्या बाईंनी न हटणारा ताप, फिकटपणा, निळे डाग, वाढती गाठ, बाहुलीत दिसणारी पांढरी चमक ओळखून मुलाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवावे. आणि हा रोग शेजारी बसल्याने होत नाही, हे प्रत्येक वर्गात सांगावे.

यापुढे कोणी बाप "पोरगा बरा झाला" असे म्हणाला, तर आपण आनंद जरूर मानू, पण लगेच विचारू, "पुढची तारीख कोणती?"