ब्रेकमध्यें शिरलेली हवा

श्रोतेहो, आपल्या नंदुरबारच्या बऱ्याच घरांपुढें आतां मोटार उभी दिसते. जेथें मोटार नाहीं तेथें पुष्कळदां दुचाकी असते. पावसाळा सरतां सरतां ह्या गाड्या तोरणमाळच्या वाटेला लागतात. कोणी तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगांवकडे जातात. सातपुडा चढतांना कस लागतो तो इंजिनाचा, आणि उतरतांना ब्रेकचा. ह्या ब्रेकमध्यें होणारा एक दोष वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु घाटांत तोच जिवावर बेततो. त्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी मोटारविद्येंतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि मुलांना सामान्य विज्ञान शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. पण हा दोष समजावयास शाळेंतलें विज्ञान पुरेसें आहे.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला कीं तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम पास्कल ह्या फ्रेंच पंडितानें मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. ह्या नियमाचा मोटारीच्या ब्रेकसाठीं उपयोग करून अमेरिकेंत माल्कम लॉकहीड ह्यानें १९१७ सालीं पेटंट घेतलें, आणि १९२१ मध्यें ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारहि चाकांना असे ब्रेक लागले. आपण पेडल दाबतों, मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइल पुढें ढकलतो, नळ्यांतून तो दाब चाकांपर्यंत जातो आणि लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला चिकटतात. हें सारें घडतें तें द्रव चेपला जात नाहीं म्हणून. हवा मात्र चेपली जाते. सायकलच्या पंपाचें तोंड अंगठ्यानें बंद करून दांडा दाबून पाहावा म्हणजे ती किती मुकाट्यानें चेपली जाते हें कळतें.

थोडा हिशेब करूं. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरा. नळींत एक घनसेंटिमीटर, म्हणजे लहान चमच्याच्या पांचव्या हिश्श्याएवढी, हवा आहे असें समजा. ती चेपण्यांतच पिस्टनची सुमारें ३ मिलिमीटर चाल वायां जाते. पेडल ही तरफ आहे. तिची चाल चौपट धरली तर पायाखालीं सव्वा सेंटिमीटर फुकट गेलें. अशी तीन-चार ठिकाणीं हवा सांठली कीं पेडल जमिनीला टेकूं लागतें, आणि गाडी पुढें चाललेलीच असते.

ही हवा आपण होऊन शिरत नाहीं. डब्यांतील ऑइल फार खालीं गेलें, चाकाजवळचें रबर झिजून गळूं लागलें, किंवा कोणी नळी अथवा सिलिंडर बदलून हवा न काढतांच गाडी हवालीं केली, ह्यांपैकीं कांहींतरी झालेलें असतें. पॅड झिजतात तसें डब्यांतील ऑइल थोडें उतरतें हें स्वाभाविक आहे. पण तें वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी, नुसतें ओतीत बसूं नये.

आतां दोष ओळखावा कसा? इंजिन बंद ठेवून पेडल पांच-सहा वेळां दाबावें आणि मग दाबून धरावें. वर येऊनहि पायाखालीं रबराच्या चेंडूसारखें लवचीक लागलें, तर हवा आहे असें समजावें. दोन-तीन दाबांत वर येऊन दगडासारखें घट्ट झालें आणि थोड्या वेळानें पहिला दाब पुन्हां खोल गेला, तर बहुधा मागच्या ड्रममधील शू झिजले आहेत किंवा त्यांचें अंतर वाढलें आहे. आणि धरून ठेवलें असतां पेडल सावकाश खालीं खालीं बसत गेलें, तर कोठेंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचें रबर आंतून दाब सोडीत आहे. तेथें हवा काढून कांहींच साधणार नाहीं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ महिनाभर म्हणत असत, ‘पहिल्या दाबाला लागत नाहीं, दुसऱ्याला लागतो, हा आमच्या गाडीचा स्वभावच आहे.’ गाडीला स्वभाव नसतो. बैल मध्यें आला तर दुसऱ्या दाबाला वेळ कोण देणार?

ह्याच दोषाचें एक भावंड घाटांतच जन्मतें. १२०० किलोची गाडी १००० मीटर खालीं आली, तर तिच्या उंचीची जी शक्ति मोकळी होते तिनें ३७ लिटर साधें पाणी उकळीस येईल. ती सारी ब्रेकवर टाकली तर चाकांजवळचें ऑइल तापणारच. बाजारांत ‘डॉट ३’ व ‘डॉट ४’ हे प्रकार मिळतात. नवें असतांना पहिलें निदान २०५ अंश आणि दुसरें २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलें कीं हेच आंकडे १४० व १५५ पर्यंत उतरूं शकतात. मग उतारावर ऑइल उकळतें, नळींत वाफ होते आणि पेडल एकाएकीं तळाला जातें. गाडी थंड झाली कीं सर्व ठीक, म्हणून दोष सांपडतहि नाहीं! ह्यावर उपाय दोनच : दर दोन वर्षांनीं ऑइल बदलणें, आणि उतरतांना गिअर खालचा ठेवून इंजिनालाच गाडी आंवरावयास लावणें.

घरीं हवा काढावयाची तर दोन माणसें पाहिजेत. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना पुढेंमागें ठोकळे लावावे; गाडी उचलली असेल तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबून खालीं हात घालूं नये. डबा ठरलेल्या खुणेपर्यंत भरावा आणि काम चालूं असतां तो रिकामा होऊं देऊं नये, नाहीं तर नवी हवा आंत जाते. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. आपल्या उजव्या सुकाणूच्या गाडींत तें मागचें डावें चाक. पण कांहीं गाड्यांत क्रम निराळा असतो, तेव्हां कंपनीचें पुस्तक पाहावें. निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोंक थोडें नवें ऑइल असलेल्या बाटलींत बुडवून ठेवावें. आंत बसलेल्या मुलानें किंवा सुनेनें पेडल सावकाश दाबून धरावें व ‘धरलें’ म्हणावें. मग निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावें. ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतील. निपल पुन्हां आवळावें, आणि त्यानंतरच ‘सोडा’ म्हणावें. हा क्रम चुकला तर बाहेरचीच हवा आंत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालूं द्यावें. जुन्या गाडींत पेडल पार तळापर्यंत नेऊं नये; तेथें सिलिंडर कधीं न घासलेला, गंजका असतो आणि रबर फाटतें. खालीं लांकडाचा तुकडा ठेवावा.

निपल गंजलेलें असेल तर जोर करून मोडूं नये, गॅरेज गांठावें. तसेंच ज्या गाड्यांत एबीएस आहे त्यांच्या यंत्रपेटींत हवा अडकली तर ती काढावयास विशेष उपकरण लागतें. घरच्या खटपटीनें ती निघत नाहीं. आणखी एक : डब्यांत इंजिन ऑइलचा एक थेंबहि पडूं नये, त्यानें आंतील सर्व रबरें फुगतात. बाटलींतलें काढलेलें ऑइल परत वापरूं नये, गटारांतहि ओतूं नये. तें गाडीच्या रंगावर सांडलें तर लगेच पाण्यानें धुवावें.

काम झाल्यावर इंजिन सुरू केलें कीं पेडल किंचित् खालीं जाईल. तें स्वाभाविक आहे. मोकळ्या मैदानांत चालत्या माणसाच्या गतीनें गाडी नेऊन चार-पांच वेळां थांबवून पाहावी. तोरणमाळचा बेत त्या दिवशीं करूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेडल पुन्हां दाबून धरावें, डब्यांतील खूण पाहावी, आणि प्रत्येक निपलाशीं ओल नाहीं ना, हें बोट लावून पाहावें.