फिरता काचकागद आणि बोटे

सुरत शहरात घासून गुळगुळीत करण्याच्या कामावर लाखो कुटुंबांचे पोट चालते, कारण जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे याच शहरातील कारखान्यांतून बाहेर पडतात. हिऱ्याची ‘घंटी’ म्हणजे आडवी फिरणारी बिडाची तबकडी. तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड चोळलेली असते आणि पकडीत बसवलेला खडा तिच्यावर टेकवला जातो. त्यामुळे कारागिराचे बोट आणि फिरता पृष्ठभाग यांच्यामध्ये नेहमी एक हत्यार राहते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील सुतारकाम करणाऱ्यांच्या हाती येणाऱ्या सँडरवर मात्र असे मधले हत्यार नसते, लाकूड थेट बोटांनीच धरावे लागते.

पट्टा-तबकडी सँडर म्हणजे एकाच मोटरीवर चालणारी दोन साधने होत. एकात काचकागदाचा अखंड पट्टा दोन रुळांवर ताणून फिरतो. दुसऱ्यात उभ्या तबकडीवर काचकागद चिकटवलेला असून तिच्यापुढे लाकूड टेकवण्यासाठी लहान मेज असते. 150 मिलिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला 2,850 फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने धावते, आणि केंद्राशी मात्र वेग जवळजवळ शून्य असतो. तबकडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्यास तिचा डावा अर्धा भाग खाली जातो व लाकूड मेजावर दाबून धरतो, तर उजवा भाग तेच लाकूड वर उचलून कारागिराच्या तोंडावर फेकू शकतो. म्हणून काम खाली जाणाऱ्या अर्ध्या भागावरच करावे लागते. मेज आणि तबकडी यांमधील फट दीड मिलिमीटरच्या आसपास राखली नाही, तर पातळ पट्टी, आणि तिच्यामागोमाग बोटही, त्या फटीत ओढले जाते.

सुरतेच्या जुन्या साडेली कामात लाकडाच्या, पूर्वी हस्तिदंताच्याही, बारीक काड्या नक्षीत जुळवून चिकटवतात आणि त्यांचे आडवे काप काढून पेटीवर बसवतात. इतक्या बारीक तुकड्यांची सफाई यंत्रावर करायची झाल्यास तुकडा मोठ्या ठोकळ्याला तात्पुरता चिकटवूनच पुढे न्यावा लागतो. म्हणजे घंटीवरील मधले हत्यार येथे कारागिराला स्वतः घडवावे लागते.

पट्ट्याच्या आतल्या बाजूस छापलेला बाण रुळांच्या फिरण्याच्या दिशेशी जुळला पाहिजे, कारण काही पट्ट्यांचा सांधा एका टोकावर दुसरे टोक चढवून केलेला असतो व उलट बसवल्यास तो उकलतो. लाकूड नेहमी अडणीला, म्हणजे पट्टा ज्या टोकाकडे धावतो तेथील लोखंडी पट्टीला, टेकवून धरायचे असते. हातमोजे येथे संरक्षण देत नाहीत, उलट पट्ट्यात अडकून हात आत खेचतात. गळ्यातील गमछा आणि सैल बाही यांचेही तेच. पट्टा बदलताना प्लग काढलेला असावा, केवळ बटण बंद असणे पुरेसे नाही.

धुळीचा धोका संथ असल्यामुळे तो सहज दुर्लक्षिला जातो. इंग्लंडमधील हाय वायकोम्ब येथील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा दुर्मीळ कर्करोग अधिक आढळल्याचे 1960 च्या दशकात लक्षात आले, आणि 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. तोंडाला बांधलेला रुमाल जाड भुसा अडवतो, बारीक धूळ अडवत नाही; त्यासाठी एन-95 प्रतीचा मास्क आणि धूळ ओढून घेणारे यंत्र लागते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने धूळ बाहेर काढण्याची व्यवस्था मालकावर सोपवली, परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असले तरच तो सर्वसाधारणपणे लागू होई, आणि सुतारांची बहुतेक दुकाने चार माणसांची असतात. लाकडाच्याच सँडरवर लोखंड घासले तर ठिणगी भुशाच्या पिशवीत शिरून तासाभरानेही धुमसू शकते, म्हणून आधी पिशवी रिकामी करणे आवश्यक ठरते.

पट्ट्यात भरलेला भुसा क्रेप रबराच्या लांब तुकड्याने, जुन्या चपलेच्या तशा तळानेही, पट्टा चालू असतानाच निघतो. मात्र तो तुकडा बोटे दूर राहतील इतका लांब हवा आणि आखूड होताच टाकून द्यावा लागतो.